घाट आहे, ट्रेलर आहे, पैसे बेताचे आहेत: जुन्या पिकअपचं काय करावं?

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही कोलोरॅडोत, ऑरोरा इथे राहतो. माझ्याकडे २०१४ ची शेवरोले सिल्व्हराडो १५०० आहे. क्रू कॅब, फोर-व्हील ड्राइव्ह, ५.३ लिटर व्ही८, १,१०,००० मैल झालेली. रोज ऑफिसला हीच गाडी नेतो, त्यामुळे ती चार-चार दिवस गॅरेजमध्ये ठेवणं परवडत नाही. आधीच्या मालकानं तिला ३५ इंची टायर आणि गाडीचा पुढचा भाग उचलणारं लेव्हलिंग किट बसवलेलं आहे. या वसंतात आम्ही एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला, पूर्ण भरला की ६,००० पौंडांचा. पहिल्याच फेरीला आय-७० वर आयझेनहॉवर बोगद्याच्या चढाला गाडी ३५ मैलांवर आली, गिअर सारखे वर-खाली होत होते आणि इंजिन कण्हत होतं. जुलैत साताऱ्याहून आई-बाबा येणार आहेत. त्यांना, बायकोला आणि दोन मुलांना घेऊन आम्ही सहा जण युटातल्या मोआबपर्यंत जायचं म्हणतोय. हाताशी २,५०० डॉलर आहेत. मित्र म्हणतात ताकद वाढवायला कोल्ड एअर इन्टेक, एक्झॉस्ट आणि इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलणारा ट्यूनर टाक. एक जण म्हणतो ही विक आणि हिचीच थोरली बहीण, डिझेल इंजिनाची सिल्व्हराडो २५०० घे. दारावरच्या स्टिकरवर १,६४० पौंड लिहिलंय आणि ग्लोव्ह बॉक्समधल्या यादीत जीयू४ असा कोड आहे. याचा काही उपयोग आहे का?

उत्तर

नमस्कार. खूप उपयोग आहे. पत्राच्या शेवटी सहज लिहिलेल्या त्या दोन गोष्टींतच तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे. इन्टेक, एक्झॉस्ट आणि ट्यूनर या तिन्हींवर आत्ता एक डॉलरही घालू नका. तुमचं इंजिन अशक्त नाही. त्याची ताकद चाकापर्यंत चुकीच्या गुणोत्तरानं पोहोचते आहे आणि उंचीवर त्याला हवा कमी पडते आहे. शिवाय जुलैच्या फेरीत खरा धोका चढाचा नाहीच, तो वजनाचा आणि उताराचा आहे. तिथे मी सविस्तर येतोच.

आधी चढाचा हिशेब करू, म्हणजे पैसे कुठे घालायचे ते स्पष्ट होईल. सहा माणसं आणि सामान धरून तुमची गाडी साधारण ६,३०० पौंड, ट्रेलर ६,०००. एकूण १२,३०० पौंड, म्हणजे साडेपाच टनांहून थोडं अधिक. हे वजन ६ टक्के चढावर ताशी ६० मैलांनी न्यायचं, शिवाय ट्रेलरची सपाट भिंत वाऱ्यावर ढकलायची, तर इंजिनाला सुमारे २४० अश्वशक्ती द्यावी लागते. तोच चढ ४५ मैलांनी चढलात तर सुमारे १५५ पुरतात. तुमच्या इंजिनाची कागदावरची ताकद ३५५ आहे, पण ती समुद्रसपाटीची आणि ५,६०० आरपीएमवरची, म्हणजे इंजिन मिनिटाला ५,६०० फेरे फिरतं तेव्हाची. टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा, नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के ताकद गमावतं. बोगद्याजवळ, ११,००० फुटांवर, त्याचे जेमतेम २४० राहतात, तेही इंजिन अगदी किंचाळवलं तर. म्हणजे ६० मैलांनी चढायचं हे स्वप्न कुठल्याही स्वस्त सुट्या भागानं पुरं होणार नाही. ४५ मात्र तुमची गाडी नीट देऊ शकते आणि ४५ पुरेसे आहेत. अमेरिकेत ट्रेलर ओढण्याची क्षमता ठरवण्यासाठी एसएई संस्थेची जे२८०७ नावाची चाचणी आहे. तिच्यात ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा लांबलचक चढ एसी चालू ठेवून चढायचा असतो, आणि तुमच्यासारख्या गाडीनं ताशी ४० मैलांच्या खाली येऊ नये एवढीच अपेक्षा असते. चढाला वेग कमी होणं हा गाडीचा दोष नाही.

मग ती ३५ वर का आली? तर टायर.

जीयू४ म्हणजे तुमच्या मागच्या एक्सलचं गुणोत्तर ३.०८ आहे, चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणारा दांडा ३.०८ वेळा फिरतो. हे पेट्रोल वाचवण्यासाठी दिलेलं गुणोत्तर. ओढण्याचं काम करणाऱ्यांनी त्याच वर्षी ३.४२, म्हणजे जीयू६, नाहीतर ३.७३, म्हणजे जीटी४, मागून घेतलं असतं. आधीच ३.०८, त्यावर कारखान्याच्या साडेएकतीस इंची टायरऐवजी ३५ इंची. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, म्हणून तेवढीच ओढ द्यायला इंजिनाला जास्त झटावं लागतं. आज तुमची गाडी ३.०८ ची नाही, जवळजवळ २.८ ची झालेली आहे. ४५ मैलांवर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ३,५०० आरपीएमला फिरायला हवं, ते ३,१५० ला फिरतं, आणि नेमकी तिथे १५५ अश्वशक्तीची गरज काठावर येते. ती भागली नाही की गिअरबॉक्स बिचारा कधी वर, कधी खाली जाऊन बघतो. तुम्ही ऐकलंत ते हेच. भरीला, स्पीडोमीटर पुन्हा जुळवून घेतलेला नसेल तर तो ६० दाखवतो तेव्हा तुम्ही ६६ नं जात असता.

तेव्हा पहिला खर्च टायरचा. तुमची रिम १८ इंची असेल तर कारखान्याचं माप २६५/६५ आर१८. त्याच मापाचे एलटी (लाइट ट्रक) जातीचे, जास्त भार पेलणाऱ्या लोड रेंज ई चे चार टायर घ्या. बसवून साधारण हजार-अकराशे डॉलर लागतील. जुने ३५ इंची विकले तर त्यातले काही परत येतील, त्यांना गिऱ्हाईक सहज मिळतं. एवढ्यानं एक्सल न उघडता चाकावरची ओढ दहा टक्के वाढते, मोठ्या टायरचं ओझं जातं, कडेनं वारा लागला की गाडी कमी डुलते आणि रोजच्या ऑफिसच्या फेरीत पेट्रोलही वाचतं. एलटी टायर थोडा कडक लागतो, खड्डा जाणवतो, पण ट्रेलर मागे असताना तो कडकपणा हवाच असतो. लेव्हलिंग किट राहू दे म्हटलं तरी चालेल. फक्त ट्रेलर जोडल्यावर पुढचा भाग मुळातल्यापेक्षा जास्त वर तर येत नाही ना, हे फेंडरची जमिनीपासूनची उंची मोजून बघा.

दुसरी गोष्ट जवळजवळ फुकटातली आहे आणि इकडे आलेल्या आपल्या बहुतेक मंडळींच्या लक्षात येत नाही. कोलोरॅडोतल्या पंपावर 'रेग्युलर' म्हणून जे मिळतं ते ८५ ऑक्टेनचं असतं. तुमच्या इंजिनाला कंपनीनं किमान ८७ सांगितलेलं आहे, आणि ते इथे मधल्या नळीत मिळतं. ८५ वर जड चढ चढताना इंजिनात ठोके पडू लागतात, सेन्सर ते ओळखतो आणि संगणक ठिणगीची वेळ मागे ओढून ताकद कमी करतो. ट्रेलर नसतानाही ८७ च भरा.

आणि इंधनाच्या टाकीचं झाकण पिवळं आहे का बघा. असेल तर गाडी फ्लेक्स-फ्युएल आहे, म्हणजे तिला ई८५ हे बहुतांश इथेनॉल असलेलं इंधनही चालतं. याच ५.३ इंजिनाची ताकद ई८५ वर कंपनीच्याच आकड्यांनुसार ३५५ ऐवजी ३८० अश्वशक्ती होते आणि टॉर्क ३८३ ऐवजी ४१६. ट्यूनरवाला पाचशे डॉलर घेऊन जेवढं देण्याचं वचन देतो, तेवढं किंवा त्याहून जास्त इथे पंपावर मिळतं आहे, तेही कंपनीच्या मान्यतेनं. ई८५ मध्ये मैल कमी मिळतात, चौथा हिस्सा गेला असं धरून चाला. ट्रेलरसह तुमची गाडी आधीच गॅलनला नऊ-दहा मैल देत असेल, ती सातवर येईल. म्हणून सगळा प्रवास त्यावर करू नका. डेन्व्हरमधून निघताना टाकी ई८५ नं भरा, बोगदा आणि त्यापुढची व्हेल पासची चढण त्यावर काढा, पुढे ८७ घाला. दोन्ही एकत्र झाली तरी गाडीला चालतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तो १,६४० चा आकडा. तुम्ही तो ट्रेलर ओढण्याचा आकडा समजला असाल तर तसं नाही. गाडीच्या अंगावर बसणाऱ्या सगळ्याचं मिळून एवढंच वजन चालतं. चालकासकट माणसं, सामान, आणि ट्रेलरची पुढची दांडी हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीवर, जेवढी टेकते तेवढा भार. मांडून बघू. चार मोठी माणसं आणि दोन मुलं मिळून ७२० पौंड. दांडीचा भार ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असायला हवा, तुमच्या बाबतीत साधारण ७५०. वजन वाटून देणारी हिच ९०. मागच्या हौद्यात कूलर, खुर्च्या, जनरेटर धरून २००. बेरीज १,७६०. शंभराहून जास्त पौंड वर गेलो आणि मोठ्या टायरचं जादा वजन अजून धरलेलंच नाही. पन्नास गिअर बदलले, मागच्या स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या (एअरबॅग) घातल्या, स्प्रिंग घातल्या तरी हा आकडा वाढत नाही. एअरबॅगनं मागचा भाग उचलला जातो, दिसायला गाडी सरळ दिसते, पण एक्सल, चाकं आणि ब्रेक तेच राहतात.

दांडीवरचा भार कमी करण्यासाठी ट्रेलरमधलं सामान मागे सरकवावं असं मनात येईल. ते कधीही करू नका. गावाकडे बैलगाडी भरणारा माणूस गाडी उलाळ होऊ देत नाही, पुढे थोडी जड ठेवतो. इथे नियम तोच, फक्त चूक झाल्यावर होणारी गोष्ट भयंकर आहे. दांडी हलकी झाली की ५५-६० मैलांवर ट्रेलर मागे शेपटीसारखा डोलायला लागतो आणि एकदा तो डोलायला लागला की मोठे अनुभवी चालकही गाडी सांभाळू शकत नाहीत. सामानाचा साठ टक्के भार ट्रेलरच्या चाकांच्या पुढेच हवा.

मग उपाय काय? आई-बाबा आणि तुमच्या पत्नी दुसऱ्या गाडीतून येऊ देत. घरात दुसरी गाडी असेल, नसेल तर त्या आठवड्यापुरती भाड्यानं घ्या. साधारण सव्वाचारशे पौंड एकदम कमी होतात आणि तुम्ही १,६४० च्या बरेच आत येता. मला माहीत आहे, सगळ्यांनी एका गाडीत गप्पा मारत जायचं हीच तर या सहलीची मजा. पण एवढ्या वजनावर आई-वडील आणि मुलं बसवून सात टक्के उतार उतरा असं मी तुम्हाला लिहू शकत नाही. दोन गाड्या असल्या की त्यांना मधेच थांबता येतं, बाबांना पाय मोकळे करता येतात, आणि ट्रेलर कॅम्पवर उभा करून सगळे मिळून राष्ट्रीय उद्यान बघायला जाता येतं. आणखी एक, ट्रेलरची पाण्याची टाकी रिकामी न्या. चाळीस गॅलन पाणी म्हणजे ३३० पौंड, आणि पाणी कॅम्पवर भरता येतंच.

थोडं विषयांतर होईल, पण लिहितो. आई-बाबा साताऱ्याहून थेट येणार. त्यांना आधी तीन-चार दिवस घरीच, डेन्व्हरच्या उंचीवर राहू द्या, भरपूर पाणी पाजा, आणि रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच ११,००० फुटांवर न्या.

राहिलेल्या पैशात थांबायची आणि सरळ राहायची व्यवस्था करा. ब्रेक कंट्रोलर गाडीत आहे का? डॅशबोर्डवर स्टिअरिंगच्या डावीकडे दोन चिमटीत धरायची बटणं असतील तर कारखान्याचा आहे. नसेल तर दीडशे डॉलरपर्यंत चांगला 'प्रपोर्शनल' जातीचा मिळतो, गाडी जितक्या जोरात थांबते तितकाच जोर ट्रेलरच्या ब्रेकला देणारा. ठरावीक वेळात ठरावीकच जोर देणारा स्वस्तातला घेऊ नका, घाटात तो कामाचा नाही. ३,००० पौंडांच्या वरच्या ट्रेलरला कोलोरॅडोत स्वतःचे ब्रेक असावेच लागतात आणि ते चालवणारा कंट्रोलर नसेल तर त्या ब्रेकचा उपयोग शून्य. बसवल्यावर मोकळ्या पार्किंगमध्ये ताशी २५ मैलांवर त्याचं हाताचं बटण दाबून बघा. ट्रेलरनं गाडीला मागून ठाम धरून ठेवलं पाहिजे, पण त्याची चाकं घासत जाम होता कामा नयेत. तसा जोर लावून ठेवा. पाच-सहाशे डॉलर वजन वाटून देणाऱ्या आणि डोलणं रोखणाऱ्या हिचला ठेवा. हिच ज्यात बसते त्या गाडीच्या मागच्या रिसीव्हरवर स्टिकर असतं, तिथे ही हिच असताना आणि नसताना किती भार चालतो ते वेगवेगळं लिहिलेलं असतं. क्लिपनं बसणारे बाहेर डोकावणारे आरसे साठ डॉलरचे, तेही घ्या. ट्रेलर तुमच्या गाडीपेक्षा रुंद आहे.

ट्रान्समिशनचं तेल शेवटचं कधी बदललं याची नोंद आधीच्या मालकाकडे नसेल तर ते आत्ताच बदला, फिल्टरसकट, तीनशे डॉलरच्या आसपास. जड कामासाठी कंपनीच्या वेळापत्रकात ते ४५,००० मैलांनी बदलायचं असतं, आणि ३५ इंची टायर ओढत फिरलेल्या गाडीचं काम जडच धरायचं. ट्रान्समिशनचं तापमान तुमच्या समोरच्या पडद्यावर दिसतं, चढाला तेच लावून ठेवा. २३० अंश फॅरनहाइट दिसलं की वेग कमी करा, २५० कडे गेलं की सुरक्षित जागी बाजूला थांबा, गाडी पार्कमध्ये ठेवून इंजिन चालूच ठेवा.

एवढं झालं की साधारण दोन हजार ते बावीसशे संपतात. उरलेले ट्रेलरच्या टायरसाठी आणि बेअरिंगच्या ग्रीससाठी ठेवा. जुना ट्रेलर घेतलाय म्हणता, तर टायरच्या बाजूवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष चार अंकांत कोरलेलं असतं. सहा वर्षांपेक्षा जुने असतील तर नक्षी कितीही चांगली दिसो, बदला.

एक्सलचे गिअर बदलण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. ३.०८ चे ३.७३ केले तर प्रत्येक गिअरमध्ये २१ टक्के ओढ वाढते, ३.४२ केले तर ११. फोर-व्हील असल्यामुळे पुढचा आणि मागचा असे दोन्ही बदलावे लागतात, दोन ते अडीच हजार डॉलर जातात. हा उपाय चांगला आहे, खोटा नाही. पण हायवेच्या चढावर त्यानं जे मिळतं ते तुमचा सहा गतींचा गिअरबॉक्स एक गिअर खाली घेऊन आजही देतो. खरा फरक पडतो तो जिथे त्याहून खालचा गिअर उरलेलाच नसतो तिथे, म्हणजे चढावर जागेवरून निघताना आणि कॅम्पच्या उभ्या वाटेवर मागे घेताना. तेवढ्यासाठी संपूर्ण बजेट आत्ता घालवू नका. आणि गिअर बदलले तरी कंपनीच्या लेखी तुमच्या गाडीची ओढण्याची मर्यादा बदलत नाही. ती मॅन्युअलमधल्या तक्त्यात तुमची कॅब, हौदा आणि ३.०८ यांच्या ओळीत आजच बघा. तो आकडा ६,००० च्या खाली निघाला तर ट्रेलर त्या आकड्याच्या आत राहील एवढाच भरायचा.

चालवताना टो-हॉल, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठी गिअरची चाल बदलणारं बटण, घर सोडल्यापासून दाबलेलं असू दे. चढ सुरू झाला की गिअरचा दांडा एम (मॅन्युअल) वर घ्या, दुसरा गिअर धरा, उजव्या पट्टीत ४५ मैलांवर स्थिर राहा. इंजिन ३,५०० ला ओरडेल, ओरडू द्या, ते त्यासाठीच बनवलेलं आहे. त्याला त्रास होतो तो खालच्या आरपीएमवर पूर्ण पेडल दाबल्यानं. सपाटीवरही ६५ ऐवजी ५५ धरलंत तर वाऱ्याशी झुंजण्यात जाणारी ताकद ४० टक्क्यांनी कमी होते.

बोगद्यातून बाहेर पडल्यावर सिल्व्हरथॉर्नपर्यंतचा उतार सात टक्क्यांपर्यंत आहे. उतार सुरू होण्याआधीच वेग ४५ च्या खाली आणा आणि दुसऱ्या गिअरमध्ये उतरायला लागा. ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका. वेग वाढला की एकदा ठाम दाबून पाच-दहा मैल कमी करा, मग पूर्ण सोडा, ब्रेकला थंड होऊ द्या. बाजूला खडीचे चढते रस्ते दिसतील, ते ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी असतात. ब्रेकचा जळका वास आला आणि पाय खोल जायला लागला तर लाज न बाळगता त्यात गाडी घाला.

डिझेल २५०० चा सल्ला देणारा मित्र चुकीचा नाही. दरवर्षी सहा-सात लांब फेऱ्या, त्याही घाटात आणि सहा माणसांसह होणार असतील तर तीच गाडी योग्य. उंचीवर टर्बो ताकद टिकवून धरतो आणि वजन पेलायला ती मुळातच दणकट असते. पण वर्षाला दोन-तीन सहलींसाठी आणि रोजच्या ऑफिसच्या फेरीसाठी तिचा हप्ता, विमा आणि देखभाल भरत बसणं मला पटत नाही.

जुलैच्या आधी, टायर आणि हिच बसली की, ट्रेलर अगदी सहलीला निघाल्यासारखा भरून हायवेवरच्या कुठल्याही ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर जा. पंधरा डॉलरच्या आसपास घेतात आणि पुढचा एक्सल, मागचा एक्सल, ट्रेलर असे वेगवेगळे आकडे छापून देतात. एकदा हिचच्या वजन वाटून देणाऱ्या सळ्या ताणून, एकदा सळ्या सोडून आणि एकदा ट्रेलर उतरवून नुसती गाडी, असं तीनदा तोला. माणसंही गाडीतच बसलेली असू देत. तिन्ही पावत्या आणि मॅन्युअलमधला तो आकडा मला पाठवा. हिचचा ताण किती ठेवायचा, कुठलं सामान कुठे हलवायचं आणि पुढच्या वर्षी गिअर बदलण्यात अर्थ आहे का, हे त्यावरून नेमकं सांगता येईल.